पायाळूच्या पाठीचं ऑपरेशन

माझ्या कमरेचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली. ओळखीतल्या कुणालाही सायटिका झाला की तो माझ्याकडे येतो आणि मीही सांगतो. पट्टा कधी सुटला, स्कूटर कधी चालवली, खाली वाकून चप्पल कधी घालता आली. एवढं सांगून गप्प होतो. त्यापुढचं मी इतकी वर्षं टाळलं.

कारण माझ्या पाठीची गोष्ट आक्काच्या पाठीशिवाय पुरी होत नाही, आणि आक्काच्या पाठीची खरी गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. माझी बायको सुधा हिलाही ती इथेच पहिल्यांदा वाचायला मिळेल. वाचून ती काय म्हणेल ते म्हणो. माझं वय सत्तरीच्या पुढे गेलंय, आता मला कुणाच्या मताची भीती बाळगत बसायला वेळ नाही.

ऑपरेशन करावं की करू नये या फेऱ्यात जे अडकले आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. मी डॉक्टर नाही. मी उज्जैनच्या जलप्रदाय, म्हणजे पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेला इंजिनियर आहे, आणि पायाळू आहे.

पायाळू

मी जन्मलो तेव्हा माझे पाय आधी बाहेर आले. असा माणूस पायाळू. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. मी नोकरीभर पाइपलाइनसाठी जमीन खणत राहिलो, मला फक्त फुटलेले पाइप दिसले. दुसरं असं म्हणतात, की पायाळूने पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते. हे मात्र आमच्या गल्लीत सगळ्यांनी मानलं होतं. मराठी घरांत उसण, शेजारच्या मालवी घरांत तिला चनक म्हणतात, माझा पाय दोघांना चालायचा.

सकाळी दाढी करत असायचो आणि दारात हाक यायची, "दादा, चनक आ गई, जरा पाँव लगा दो." येणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी डाव्या पायाने त्याच्या कमरेला तीन वेळा स्पर्श करायचा. मग त्याने मागे न बघता निघून जायचं. मी विज्ञान शिकलेला माणूस, उसण चार-दोन दिवसांत आपली आपण जाते हे मला ठाऊक होतं. मी हसत हसत पाय लावायचो आणि लोक हसत हसत जायचे. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. ऑफिसात माझं कुणी फारसं ऐकत नव्हतं. माझा पाय मात्र माधवनगरपासून भैरवगढपर्यंत प्रसिद्ध होता.

आक्का

आक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माधवनगरात पहिल्या मजल्यावर एकटी राहायची आणि सगळीकडे पायी जायची. नवरात्रात हरसिद्धीच्या देवळात पायी, एरवी सकाळी क्षिप्रेवरच्या रामघाटापर्यंत पायी. कुणी स्कूटरवर सोडतो म्हटलं तर म्हणायची, "तुझं पेट्रोल वाचव, मला माझे पाय पुरतात."

गेल्या सिंहस्थाच्या आधीच्या हिवाळ्यात तिचा उजवा पाय दुखायला लागला. कमरेतून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "श्री, लाव तुझा तो पाय." थोरल्या बहिणीला पाय लावायचा म्हणून मी आधी नमस्कार केला, ती म्हणाली, "नाटकं पुरे." मी पाय लावला. पुढच्या शनिवारी पुन्हा लावला. त्याच्या पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा जिन्यात तिची उजवी चप्पल निसटून खाली पडली होती आणि तिला ते कळलंच नव्हतं.

मी तिला इंदूरच्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी तिला पलंगावर झोपवलं, पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला आणि स्वतः बोटाने दाबला. अंगठा लगेच खाली गेला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली आहे, पायातली ताकद जायला लागली आहे, ऑपरेशन लवकर करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला बाहेर बोलावून वेगळं काही सांगितलं नाही. जे सांगायचं ते आक्कासमोर सांगितलं.

बाहेर आल्यावर आक्का बाकावर बसली आणि म्हणाली, "श्री, करून टाकू. मला चालायचंय."

हे तिचे शब्द. मी ते इथे लिहून ठेवतोय, कारण आमच्या घरात गेली कित्येक वर्षं उलटंच सांगितलं गेलं आहे.

परतताना सांवेरला चहाला थांबलो. तिथे मी बोलायला लागलो. पाठीच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेला माझा एक सहकारी. कुणाची तरी सासू. डॉक्टरांना कापायचीच घाई असते. आधी मालिश करून बघू, काढा घेऊन बघू, माझा पाय तर आहेच. आक्का ऐकत होती. मग तिने विचारलं, "तुला काय वाटतं, करू नये?"

"नको," मी म्हणालो.

"तू म्हणतोस तर नको."

एवढंच झालं. मी हे का केलं, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. खरं कारण एकच. तिच्या मागे दुसरं कुणी नव्हतं, ऑपरेशनच्या कागदावर सही माझी लागणार होती. काही कमीजास्त झालं असतं तर ते माझ्या सहीने झालं असतं. मी घाबरलो. आणि घरी आल्यावर सुधाने "काय ठरलं?" विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आक्का नको म्हणतेय."

आक्का तिथेच माठातून पाणी घेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायली आणि माठावर झाकण ठेवलं.

तिचं दुखणं पुढे कमी झालं, पण पाय गेला. पाऊल वर उचलेना. चालताना ते जमिनीवर आपटायचं, म्हणून ती गुडघा उंच उचलून चालायची, पाण्यातून चालल्यासारखी. चपलेला मागून पट्टा शिवून घेतला. हरसिद्धी बंद झाली, रामघाट बंद झाला, मग जिनाही बंद झाला. नातेवाईक म्हणायचे, "हट्टी फार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऐकलं नाही." मी तिथे बसलेला असायचो. मी मान हलवायचो.

माझी पाळी

मग माझी पाठ धरली. टाकीवरून पाण्याची बादली उतरवताना कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या पायात कळ सुरू झाली. ज्यांना ही कळ माहीत आहे त्यांना वर्णन नको, ज्यांना माहीत नाही त्यांना वर्णनाने कळणार नाही. मला फक्त उभं राहून जेवता यायचं. शिंक येणार असं वाटलं की मी खिडकीचे गज धरायचो.

शेजारचे गोयलजी लगेच आले. त्यांचं किराण्याचं दुकान आहे आणि सल्ला ते मोफत देतात. म्हणाले, "दादा, आप तो खुद पायाळू हो, अपना पाँव अपनी पीठ पे कैसे लगाओगे?"

मी म्हटलं, "नहीं लगेगा."

"तो मैं इंतजाम करता हूँ. मेरी साली की बहू उल्टी पैदा हुई थी, देवास में रहती है. इतवार को बुला लूँ?"

"गोयलजी, देवास की बहू मुझे लात मारने उज्जैन आएगी?"

"लात थोड़े, सेवा है."

हसताना कळ आली आणि मी पुन्हा गज धरले. त्या बहूला मी येऊ दिलं नाही. पाठीच्या दुखण्याला पाय लावायचा खेळ मी त्याआधीच बंद केला होता. का केला हे कुणी विचारलं नव्हतं.

सरळ ऑपरेशनला पळालो नाही, हेही सांगितलं पाहिजे. गोळ्या घेतल्या, फिजिओथेरपी केली, सांगितलेले व्यायाम सांगितले तसे केले. यातून बहुतेकांचं दुखणं बरं होतं असं मला एकाहून अधिक डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ते बघितलंही आहे. माझंही दुखणं थोडं उतरलं. मला वाटलं सुटलो. मग एक दिवस जिना चढताना डावं पाऊल पायरीला अडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडलं.

मी खोलीचं दार लावून पलंगावर बसलो, डावा अंगठा वर उचलला आणि माझ्याच हाताने दाबला. तो खाली गेला. आमच्या घरात या परीक्षेचा अर्थ मला एकट्याला ठाऊक होता.

इंदूरला जाताना मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ड्रायव्हर माझ्याआधी "अरे राम" म्हणत होता. हे डॉक्टर वेगळे, तरुण होते. त्यांनीही तेच केलं. "अंगूठा ऊपर. मैं दबाऊँगा, आप दबने मत दीजिए." मी सगळा जोर लावला. त्यांनी एका बोटाने दाबला.

"सिर्फ दर्द होता तो मैं कहता रुकिए," ते म्हणाले. "ताकत जा रही है, इसलिए कह रहा हूँ, मत रुकिए. गारंटी मैं नहीं देता. पेशाब रुके या बैठने की जगह सुन्न लगे तो सोचने भी मत बैठना, सीधे आना."

ही शेवटची दोन लक्षणं सायटिकाच्या प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावीत. माझा अख्खा लेख विसरलात तरी चालेल.

सल्लागार मंडळ

घरी आल्यावर सगळे माझ्या पाठीचे मालक झाले. बंगळुरूहून निखिलचा, माझ्या मुलाचा फोन आला. "बाबा, या वयात मणक्याला हात लावायचा नाही. मी खूप वाचलंय."

"काय वाचलंस?"

"लोकांचे अनुभव."

"ज्यांचं चांगलं झालं ते चालायला बाहेर जातात, निखिल. लिहीत बसत नाहीत."

समाजाच्या कार्यक्रमात एक निवृत्त मास्तर भेटले, त्यांनी मला मान डोलावून सांगितलं की पाठीचं ऑपरेशन म्हणजे अंथरूण. मी त्यांना अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं नाव विचारलं. त्यांना आठवेना. मी म्हटलं, आठवलं की घरी येऊन सांगा, चहा पाजतो. वर्षानुवर्षं हे वाक्य मीच वाटत फिरलो होतो. मलाही नाव कुणी विचारलं नव्हतं.

सुधा काही दिवस नुसती शेकायची पिशवी भरून देत होती. मग पोळ्या करताना म्हणाली, "अहो, वन्सं बघा. त्यांनी हट्टाने नाही केलं ऑपरेशन, तरी काय बिघडलं? दुखणं गेलंच ना. जगतायत ना."

"तिचा पाय गेला, सुधा."

"पाय गेला, पण अंथरूण नाही धरलं. आणि तो त्यांचा निर्णय होता."

मी ताटावरून उठलो. तिला वाटलं कळ आली.

आता मी जे सांगतो ते मला सर्वांत कठीण जातंय. त्या दिवशी मी ठरवलं की ऑपरेशन करायचं नाही. आक्काला जे मिळू दिलं नाही ते आपण घ्यायचं नाही, आपलाही पाय जाऊ दे, फिटेल एकदाचं. हे मला फार मोठं वाटलं. दोन दिवस मी या मोठेपणात फिरलो, पाय ओढत. सुधाला म्हटलं, राहू दे, नाही करत. ती खूश झाली, शिरा केला.

आणि मग आक्काचा फोन आला. तिला निखिलने कळवलं होतं.

"श्री, पाय ओढतोस म्हणे."

"थोडा."

"अंगठा उचलतोय?"

"नाही."

"मग इथे काय करतोयस? इंदूरला जा."

"बघू, आक्का."

"बघू काय? बघण्यात काय जातं ते मला विचार." मग म्हणाली, "हे बघ, माझ्यासारखा हट्ट करू नकोस."

तिने हट्ट केला नव्हता. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. तरी तिने माझं खोटं स्वतःच्या तोंडाने म्हटलं, मी जावं म्हणून. तेव्हा मला माझं प्रायश्चित्त नीट दिसलं. तीच जुनी भीती होती, नवे कपडे घातलेली. माझा पाय लुळा पडून आक्काचा एक अंगठासुद्धा हलणार नव्हता. तिच्या दारात जिना चढून जाणारा एक माणूस तेवढा कमी झाला असता.

मी निखिलला फोन केला. "ऑपरेशन करतोय. येणार असशील तर ये. समजावायला येऊ नकोस."

मास्तरांना आणि गोयलजींना मी कळवलंही नाही. सही मी स्वतः केली, शुद्धीत, चष्मा लावून, सगळं वाचून.

दवाखाना

दवाखान्यात माणसाचा मान आधी काढून घेतात आणि मग कपडे. मागून उघडा झगा घालून मी व्हरांड्यातून चाललो तेव्हा सुधा माझ्या मागे दोन्ही हातांनी झगा धरून चालत होती. लग्नात आमची गाठ बांधली होती त्यानंतर इतक्या जवळून आम्ही कधी चाललो नव्हतो. हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "पुढे बघून चाला."

शुद्धीवर आल्यावर पायात कळ नव्हती. टाक्यांचं दुखणं होतं, पण ते वेगळं, आपलं म्हणता येण्यासारखं. ती कळ इतके दिवस घरात राहत होती की गेल्यावर खोली मोठी झाल्यासारखी वाटली. मी रडलो. मला लाज वाटली नाही.

सकाळी फरशी पुसायला येणारी बाई, पाठोपाठ तापमान, पाठोपाठ पातळ दलिया, मग डॉक्टरांचं बोट आणि माझा अंगठा. पहिल्यांदा तो तसाच खाली गेला. निखिलचा चेहरा पडला. "वक्त लगेगा," डॉक्टर म्हणाले. नर्स केरळची होती, हिंदी माझ्याहून शुद्ध बोलायची. मला उभं करताना म्हणायची, "अंकल, जमीन कहीं नहीं जा रही, आराम से." सुधाने घरून भैरवगढला ठशांनी छापलेली चादर आणली होती. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर ती अंथरायला परवानगी नव्हती. नर्सने न बघितल्यासारखं केलं. इतक्या लहान गोष्टीवर दिवस निघतो.

घरी आल्यावर काही आठवडे मी आणि निखिल भांडलो, मी आणि सुधा भांडलो, पट्ट्यावरून, पथ्यावरून, संडासाच्या खुर्चीवरून. आजारी माणसाशी भांडता येतं म्हणजे तो जगणार आहे, असं समजा. आणि एक दिवस डॉक्टरांनी बोट दाबलं तेव्हा अंगठा तिथेच राहिला. पूर्वीइतका जोर नाही, आजही नाही. पण पाऊल अडत नाही.

माझं चांगलं झालं म्हणून तुमचं होईलच असं मी म्हणणार नाही. ज्यांना थांबायला सांगितलं आहे त्यांनी थांबावं. पण थांबायचं की नाही हे ज्याची पाठ आहे त्याने ठरवावं, डॉक्टरला विचारून. शेजाऱ्याला नाही, मुलाला नाही, आणि पायाळू भावाला तर मुळीच नाही. माझ्याकडे अजून लोक येतात. गोयलजी म्हणतात, "दादा, ऑपरेशन के बाद तो करंट और बढ़ गया होगा." मी त्यांना दाराबाहेरूनच डॉक्टरचा पत्ता देतो. माझा पाय आता कुणाच्या पाठीला लागणार नाही. काही जण यावरून नाराज आहेत. असू देत.

माधवनगर

चालता यायला लागलं तसा मी आक्काकडे गेलो. एकटा गेलो, सांगायचं ठरवून गेलो. जिना न थांबता चढलो. ती गच्चीलगतच्या खोलीत पलंगावर बसून शेंगा सोलत होती.

"आलास? चालून दाखव," ती म्हणाली.

मी खोलीत इकडून तिकडे चाललो. तिने पेपर तपासत असल्यासारखं बघितलं.

"टाच नीट पडतेय. बस."

मी बसलो. म्हणालो, "आक्का, मला तुला एक सांगायचंय. तुझ्या वेळी—"

"माझ्या वेळी डॉक्टर म्हातारा होता," ती म्हणाली. "तुझा तरुण होता म्हणे. दिसायला बरा होता का?"

"आक्का, ऐक ना."

"ऐकते. आधी त्या शेंगा सोल, हात रिकामे कशाला." मग शेंगांकडेच बघत म्हणाली, "लोक मला विचारतात ना, का नाही केलंत, तेव्हा मी सांगते, मला भीती वाटली. सोपं पडतं. तुलाही, मलाही."

मी शेंगा सोलल्या. ती शाळेतल्या कुठल्याशा मुलीबद्दल बोलत राहिली. तिने दार लावून घेतलं म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण दार ढकलायला माणूस हवा होता, आणि तो मी नव्हतो. त्यानंतरही कितीतरी वेळा गेलो. भाजी नेली, औषधं नेली, तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून दिला. दर वेळी वाटायचं, आज नको, आज ती मजेत आहे.

ती दिवाळीनंतर गेली, छातीच्या आजाराने, चार दिवसांत. तेराव्याला पंगतीत कुणीतरी म्हणालं, "हट्टी होत्या, नाहीतर शेवटपर्यंत चालत्या फिरत्या राहिल्या असत्या." मी तेव्हाही वाढत होतो. पुढे सरकलो.

आता सरकणार नाही. नातेवाइकांनी, सुधाने, निखिलने हे वाचावं आणि ते वाक्य पुन्हा कधी उच्चारू नये.

आक्का, तू करून टाकू म्हणाली होतीस. नको मी म्हणालो होतो. मला सही करायची भीती वाटली आणि मी ती भीती तुझ्या नावावर खपवली. तुझा पाय माझ्यामुळे गेला. मला माफ कर.